वनस्पतींचे प्रयोजन

वनस्पतिउद्यान ही संस्था जन्मतःच एक शाळा आहे. इटलीतील पादुआ येथे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १५४५ साली जे उद्यान उभारले, ते तेथील विद्यापीठात वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पतींची प्रत्यक्ष ओळख व्हावी या हेतूने. लंडनच्या चेल्सी भागात औषधविक्रेत्यांच्या संघाने १६७३ साली बाग लावली, तीही आपल्या शिकाऊ उमेदवारांना वनौषधी ओळखता याव्यात म्हणून. दोन सारख्या दिसणाऱ्या पानांतला भेद न कळणे ही त्या विद्यार्थ्याची केवळ खासगी उणीव नव्हती. तिच्यापायी एखाद्या रोग्याचा प्राण जाऊ शकत होता. त्या बागेत नीट पाहणे आणि जबाबदारीने वागणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात नव्हत्या.

आज या शाळेतला विद्यार्थी बदलला आहे. जगातील अनेक मोठी वनस्पतिउद्याने आता प्रौढांसाठी वर्ग चालवतात आणि त्या वर्गांचे स्थूलमानाने तीन प्रकार दिसतात: बागकामाचे, चित्रकलेचे आणि स्वास्थ्याचे. अमेरिकेतील शिकागो वनस्पतिउद्यानाचे उदाहरण या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. शिकागो नगराच्या मुद्रेवर 'उद्यानातील नगर' अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य आहे. या नगराच्या उत्तरेस ग्लेन्को येथे १९७२ साली खुल्या झालेल्या आणि ३८५ एकरांवर पसरलेल्या या उद्यानाची स्वतःची शाळा आहे. शुल्क भरून प्रवेश घेणाऱ्या प्रौढांना तेथे लागवड आणि छाटणी शिकता येते, पानाफुलांची शास्त्रशुद्ध चित्रे काढण्याचा अभ्यास करता येतो आणि योगासने, ताई-ची, ध्यान यांच्या वर्गांनाही बसता येते. यांपैकी बहुतेकांचा निर्वाह वनस्पतींवर अवलंबून नसतो. त्यांना कोणतीही परीक्षा सक्तीने द्यायची नसते. ते आपणहून येतात आणि बहुधा स्वतःसाठी येतात.

'स्वतःसाठी' या शब्दापाशी एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मुळी कुटून काढा करणारा जुना विद्यार्थी आणि झाडाच्या सावलीत बसून चित्त स्थिर करू पाहणारा आजचा विद्यार्थी यांच्यात तत्त्वतः अंतर किती? एक देहासाठी औषध शोधत होता, दुसरा मनासाठी शोधत आहे. वनस्पती दोघांच्याही लेखी साधनच आहे. तसे असेल तर मनःशांती ही औषधांच्या जुन्या यादीतली सर्वांत अलीकडची भर ठरते, आणि वनस्पतींकडे पाहण्याची आपली दृष्टी सूक्ष्म झाली, हा आपला समज तपासून घ्यावा लागतो.

उपयोगाचा हा इतिहास पादुआ आणि चेल्सी येथेच संपत नाही. कलकत्त्याजवळ शिबपूर येथे ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ साली उद्यान स्थापन केले. ते सुचवणाऱ्या कर्नल रॉबर्ट किड यांची भूमिका स्पष्ट होती: दुर्मिळ वनस्पतींचा केवळ कौतुकासाठी संग्रह करणे हा उद्यानाचा हेतू नसावा, येथील लोकांना आणि कंपनीच्या व्यापाराला उपकारक ठरतील अशी रोपे वाढवून ती सर्वत्र पोचवावीत. पुढच्या शतकात हेच सूत्र साम्राज्यभर विस्तारले. १८६० नंतर दक्षिण अमेरिकेतील सिंकोना निलगिरीच्या उतारांवर रुजला. ब्राझीलमधील रबराचे बी १८७६ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानात आले आणि त्याची रोपे तेथून श्रीलंका व सिंगापूर येथे गेली. या स्थलांतरांमागे लोभ होता हे खरे. परंतु सिंकोनाच्या सालीपासून मिळणाऱ्या क्विनीनने हिवतापाच्या असंख्य रोग्यांना वाचवले, हेही तितकेच खरे. उपयोग ही गोष्ट स्वतःच निंद्य नाही. प्रश्न निर्माण होतो तो उपयोग हेच वनस्पतीच्या अस्तित्वाचे एकमेव समर्थन ठरते तेव्हा.

या दृष्टीला पहिला जोरकस आक्षेप घेणाऱ्यांत रूसोचे नाव घ्यावे लागते. १७६५ साली लोकक्षोभामुळे परागंदा झालेला हा तत्त्वचिंतक स्वित्झर्लंडमधील एका सरोवरातल्या लहानशा बेटावर काही आठवडे राहिला आणि त्या बेटावरील प्रत्येक वनस्पतीचे वर्णन करण्याचा संकल्प त्याने केला. मृत्यूनंतर १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एकाकी भ्रमंतीच्या चिंतनांत सातवे प्रकरण वनस्पतींना वाहिलेले आहे. वनस्पती म्हणजे औषधांचे कोठार असे मानण्याच्या सवयीवर तो तेथे चिडून लिहितो. ज्याला कुरणात फक्त काढे आणि लेप दिसतात त्याला कुरण दिसतच नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. परंतु हाच रूसो वनस्पतींकडे गेला तो आपल्या व्यथित मनाला विसावा हवा म्हणून. म्हणजे वैद्याला दाराबाहेर काढून तो स्वतः रोगी म्हणूनच आत शिरला, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर रूसोच्याच लेखनात सापडते. आपले चिंतन सर्वांत आनंददायी होते ते आपण स्वतःला विसरतो तेव्हा, असे तो त्याच प्रकरणात नमूद करतो. विसाव्याच्या शोधात तो गेला खरा. पण गवताच्या पात्यांची आणि शेवाळाची बारकाईने पाहणी करू लागल्यावर विसाव्याचा विचार मागे पडला. आयरिस मर्डॉक या ब्रिटिश तत्त्वज्ञ-कादंबरीकर्तीने १९७० सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात हाच अनुभव एका पक्ष्याच्या निमित्ताने मांडला आहे. मन अपमानाने कुढत असता खिडकीबाहेर घिरट्या घालणारा ससाणा दिसतो आणि क्षणभर त्या ससाण्याखेरीज काहीच उरत नाही. मनातली क्षुद्र चिंता दूर व्हावी म्हणून निसर्गाकडे हेतुतः लक्ष देणेही शक्य आहे, हे ती मान्य करते. मात्र ज्या निसर्गसुखाचा रोख पुन्हा स्वतःकडेच वळलेला असतो ते सुख तिला ओढूनताणून आणलेले वाटते.

येथे विज्ञानाच्या बाजूने एक आक्षेप संभवतो. रॉजर अल्रिच यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी आधाराला घेतला जातो. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि ज्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती, अशा रुग्णांच्या २३ जोड्यांची त्यांनी तुलना केली. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. म्हणजे झाडाकडे विशेष लक्ष न देताही लाभ होतो. मग स्वास्थ्यासाठी झाडाजवळ जाण्यात गैर ते काय? गैर काहीच नाही. परंतु ते रुग्ण बरे होण्याची साधना म्हणून झाडाकडे पाहत नव्हते; खिडकी होती आणि तिच्याबाहेर झाड होते, एवढेच. त्यांना मिळाले ते दान होते. दान आणि शिक्षण यांत भेद करावा लागतो. रुग्णालयाच्या खिडकीने दान दिले तर तिचे काम झाले. जी संस्था स्वतःला शाळा म्हणवते तिच्याकडून अधिक अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

ही अपेक्षा कोणती? माझ्या मते तिची कसोटी एका प्रश्नात सांगता येते: या वर्गात वनस्पतीला विद्यार्थ्याची चूक दाखवण्याचा अधिकार आहे काय? विद्यार्थी कोणत्या हेतूने आला, ही बाब या कसोटीत गौण ठरते. चेल्सीचा उमेदवार रोग्याच्या जिवाच्या भयाने शिकत होता, दुसरा कोणी पोटासाठी शिकेल, तिसरा शांतीसाठी. दाराशी हेतू काहीही असो, आत आल्यावर समोरची वनस्पती त्याचा समज खोडून काढू शकते की नाही, हे महत्त्वाचे.

चित्रकलेच्या वर्गात ती हे काम फार सौम्यपणे आणि फार चोखपणे करते. जास्वंदीचे उदाहरण घेऊ. पाच पाकळ्या सर्वांना ठाऊक असतात आणि नवशिक्याचा हात त्या पाच पाकळ्या एका मध्यबिंदूभोवती सारख्या अंतरावर मांडून मोकळा होतो. पुढ्यातले फूल मात्र तसे नसते. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या खाली गेलेली असते आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीच्या वर आलेली असते. संपूर्ण फूल एका दिशेने पिळल्यासारखे दिसते. पुंकेसर सुटे नसून एका नळीत जोडलेले असतात आणि त्या नळीच्या आतून कुक्षिवृंत वर येतो. हे ध्यानात येण्यासाठी आपल्या मनातले जास्वंदीचे फूल पुसून टाकावे लागते. साहित्याचा अभ्यासक ज्याला संहितेचे वाचन म्हणतो, ते आणि हे फार निराळे नाही. आपल्याला हवा तो अर्थ घेऊन संहितेकडे जाणाऱ्या वाचकाला संहिता अडवते, आणि ती अडवते म्हणूनच वाचन शक्य होते.

या चित्रपरंपरेचा इतिहास आपल्याला हेतूच्या प्रश्नाकडे पुन्हा आणतो. विल्यम रॉक्सबर्ग हे १७९३ ते १८१३ या काळात शिबपूरच्या उद्यानाचे प्रमुख होते. त्यांनी भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक चित्रे करवून घेतली. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे नोंदवली गेली नाहीत. पुढे नॅथॅनिएल वॉलिच यांच्या ग्रंथामुळे विष्णुप्रसाद आणि गोराचंद ही नावे तरी टिकली. महाराष्ट्रातही याच जातीचा एक प्रसंग घडला. पुण्याजवळच्या दापोडी येथे मुंबई सरकारचे वनस्पतिउद्यान होते. त्याचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तेथील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ही चित्रे आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकाराचे नाव मात्र इतिहासाने राखलेले नाही. योगायोग असा की याच एडिंबरोच्या उद्यानात आज प्रौढांना वनस्पतिचित्रणाचे पद्धतशीर शिक्षण दिले जाते. तेथील विद्यार्थी शुल्क भरतो आणि पूर्ण झालेल्या चित्राखाली आपली सही करतो. दापोडीचा चित्रकार वेतन घेत होता आणि त्याची सही उरली नाही.

या दोघांतले सामाजिक अंतर विसरून चालणार नाही. एकाला अवकाश आहे, दुसऱ्याला पोट होते. एकाच्या कष्टांवर दुसऱ्याच्या परंपरेचा पाया उभा आहे, ही जाणीव आजच्या विद्यार्थ्याला दिली जात नसेल तर त्याचे शिक्षण अपुरे राहील. तथापि कागदासमोर बसल्यावर दोघांनाही एकच शिस्त पाळावी लागते. देठ जसा वळला आहे तसाच तो काढावा लागतो. वेतन आणि विरंगुळा हे दोन्ही हेतू त्या देठापुढे सारखेच असहाय आहेत. अनामिक चित्रकाराच्या चित्रात आज आपल्याला जे सत्त्व जाणवते ते त्याच्या हेतूतून आलेले नाही. ते त्याने दिलेल्या लक्षातून आले आहे.

बागकामाच्या वर्गात हा अधिकार अधिक कठोर होतो. चित्र चुकले तर कागद बदलता येतो. अवेळी छाटलेली फांदी त्या वर्षी फुलत नाही. आळ्यात पाणी साचले की मूळ कुजते, आणि माया म्हणून रोज घातलेले पाणीदेखील रोपाच्या जिवावर उठू शकते. प्रेमाच्या भावनेला गरजेच्या ज्ञानाची जोड नसेल तर तिचा उपद्रवच होतो, हा धडा नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून शिकायला कठीण जातो; कुंडीतले एक रोप तो एका पंधरवड्यात शिकवते. मराठी वाचकाला या संदर्भात अरणच्या सावता माळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेराव्या शतकातील या संताने आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला, असे आपण भक्तिभावाने सांगतो. पण सावता मळ्यात विठ्ठल शोधण्यासाठी गेला नव्हता. मळा हा त्याचा वंशपरंपरागत व्यवसाय होता. वाफे, मोट, खुरपणी हे त्याचे रोजचे काम होते. ते काम त्याने इतक्या निष्ठेने केले की पूजेसाठी वेगळे काही उरले नाही. क्रम उलटा असता, म्हणजे देव भेटावा म्हणून त्याने खुरपे हाती धरले असते, तर त्या खुरप्याखाली बहुधा रोपेच आली असती.

आता तिसरा प्रकार, स्वास्थ्याचा. त्याच्याविषयी बोलताना उपहासाचा सूर लावणे सोपे आहे, आणि तो टाळला पाहिजे. आजारातून उठलेल्या, एकाकी किंवा शोकग्रस्त माणसाला हिरवळीवर तासभर दीर्घ श्वास घेता येत असेल तर ती क्षुल्लक गोष्ट नव्हे. शिकागोच्या उद्यानात चाकांच्या खुर्चीत बसून हात पोचावा म्हणून उंच वाफे केलेले आहेत. अशा वाफ्यावरची माती हाती घेणाऱ्याला त्याच्या हेतूबद्दल जाब विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. हरकत आहे ती वेगळ्या जागी. हिरवळीवरच्या आसनवर्गात झाड हे पार्श्वभूमी असते. ते पिंपळ आहे की ओक, निरोगी आहे की आतून पोखरलेले, याने वर्गात काहीही बदलत नाही. साधकाची चूक दाखवण्याची कोणतीही सोय तेथे झाडाला नाही. भिंतीवर झाडाचे मोठे छायाचित्र लावले तरी आसन तसेच पार पडेल.

यात योगाचा दोष नाही. योगपरंपरेचा स्वतःचा क्रम तर याच्या विरुद्ध साक्ष देतो. पतंजलींच्या अष्टांगांत आसन तिसरे आहे. त्याआधी यम आणि नियम येतात, आणि यमांतला पहिला यम अहिंसा हा आहे. इतर जीवांशी आपला संबंध कसा असावा, हे ठरवल्यानंतरच आपल्या देहाकडे वळावे, असा त्या रचनेचा अर्थ घेता येईल. वनस्पतिउद्यानाला हा क्रम पाळणे इतर कोणत्याही संस्थेपेक्षा सोपे आहे. ज्या ओकच्या छायेत वर्ग भरतो त्याचे नाव, त्याचे वय, त्याला होणारे रोग, त्याच्यावर जगणारे कीटक यांच्याशी साधकाची ओळख करून दिली तर पार्श्वभूमीला तोंड फुटेल. पुढच्या वर्गाला आलेला साधक आधी झाडाकडे पाहील आणि मग स्वतःकडे वळेल.

हा आग्रह केवळ सैद्धांतिक नाही. शिकागो उद्यानाच्याच आवारात त्याचे कारण दिसते. इलिनॉय हे राज्य प्रेअरीचे, म्हणजे उंच गवताच्या विस्तीर्ण मैदानांचे राज्य म्हणून ओळखले जाते. पण तेथील मूळ प्रेअरीपैकी एक टक्कादेखील आज शिल्लक नाही. बाकी सारी नांगराखाली गेली. उद्यानाने आपल्या जमिनीवर प्रेअरीचा एक तुकडा पुन्हा वाढवला आहे आणि त्या गवतांचे बी जपण्यासाठी बीजपेढीही चालवली आहे. नवख्या डोळ्याला ही प्रेअरी म्हणजे माजलेले रान वाटते. शिवाय ती टिकवायची तर ठरावीक काळाने तिला नियंत्रित आग लावावी लागते. आगीत झुडपे आणि परकी रोपे जळतात; प्रेअरीच्या गवतांची मुळे खोल असल्याने ती पुन्हा उगवतात. धुराने काळवंडलेले ते मैदान पाहून कोणाचेही चित्त प्रसन्न होणार नाही. मनःशांती हेच वनस्पती राखण्याचे कारण ठरले तर या मैदानाची बाजू कोण मांडणार? जे सुंदर नाही, जे बोचते, ज्याला वास नाही, जे गवतासारखे गवत आहे, त्याला स्वास्थ्याच्या हिशेबात जागा मिळणार नाही. औषधाच्या दृष्टीतून निरुपयोगी ठरलेली वनस्पती जशी पूर्वी तण म्हणून उपटली गेली, तशी शांती न देणारी वनस्पती उद्या दुर्लक्षाने नाहीशी होईल. उपयोग सूक्ष्म झाला म्हणून त्याची निवड कमी निर्दय होत नाही.

म्हणून या तीन प्रकारच्या वर्गांकडे तीन स्वतंत्र विषय म्हणून न पाहता एकाच शिक्षणाचे टप्पे म्हणून पाहणे इष्ट वाटते. थकलेल्या माणसाने शांतीसाठी आत यावे. उद्यानाने त्याचे स्वागत करावे. त्याच्या हाती पुढे पेन्सिल द्यावी, मग खुरपे द्यावे, आणि शेवटी त्याला त्या जळक्या मैदानाच्या कडेला उभे करून ही आग कशासाठी, हे सांगावे. त्या राखेतून कोणती पाती आधी वर येतात हे पाहण्यासाठी तो आठवड्यांनी पुन्हा तेथे आला, तर आपण मुळात कशासाठी आलो होतो हा प्रश्न त्याला पडणार नाही. चेल्सीच्या उमेदवाराला रोग्याच्या प्राणाने जी जबाबदारी शिकवली, ती आपल्या काळात त्या पात्यांनी शिकवायची आहे. कारण या खेपेस प्राण त्यांचे पणाला लागलेले आहेत.